हाताखालचा खांदा

गेल्या दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९६८ सालचा एक फोटो सापडला. वाड्याची ओसरी, मध्ये आजी, मागे तिघे भाऊ. आमचे वडील, अण्णा, त्यांतले मधले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले धाकटे बापूकाका. पुढे वाटणीवरून दोघांचा अबोला झाला आणि तो बापूकाकांच्या मरणापर्यंत टिकला. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचे ठरले, तेव्हा अण्णा नातवाला म्हणाले, "बापूला तेवढा काढून टाक."

नातू संगणकापुढे बसला. अशा कामात चित्र म्हणजे काचेवर ठेवलेली काच असते, असे त्याने आम्हांला समजावले. फोटोशॉपमध्ये ही थरांची सोय १९९४ साली आली. प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर आणखी एक आकडा देता येतो : २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक, शून्य म्हणजे आरपार. वरच्या थराचा एखादा भाग आरपार केला, की खालचा थर तिथून दिसू लागतो. हे करण्याच्या रीती दोन. खोडरबराने ठिपके पुसून टाकता येतात. किंवा थरावर मुखवटा चढवता येतो. मुखवट्यावर काळा रंग फिरवला की माणूस लपतो, पांढरा फिरवला की परत येतो.

त्याने मुखवटा चढवला. बापूकाका गेले आणि त्यांच्या जागी करड्या-पांढऱ्या चौकड्या उमटल्या. तिथे काहीच नाही, याची ती खूण. फोटोच्या खाली दुसरा थर नव्हताच! बापूकाकांच्या मागची भिंत कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नव्हती. ती आता आम्हांला रचावी लागणार होती.

लपवणे हे सदैव खोटे असते, असे मला वाटत नाही. घरातली दुःखे आपण मुलांपासून लपवतोच. परंतु माणूस काढला की त्याची जागा मोकळी राहत नाही. ती भरण्यासाठी काहीतरी बनवावे लागते आणि खरा खोटेपणा तिथे सुरू होतो. सोव्हिएत रशियात येझॉव्ह या अधिकाऱ्याला १९४० साली गोळ्या घातल्या गेल्या. कालव्याकाठी स्टालिनशेजारी चालतानाच्या फोटोतूनही तो नाहीसा झाला, आणि तो होता तिथे नुसते पाणी आले. ते पाणी कालव्याचे नव्हते, भीतीचे होते. आमच्या घरात ना सत्ता, ना भीती. पण रीत तीच नव्हे काय?

अण्णांच्या खांद्यावर चार बोटे तेवढी शिल्लक राहिली होती.

"तीही काढ," अण्णा म्हणाले.

"आजोबा, बोटे काढली तर तुमचा खांदाही जाईल. हाताखालचा खांदा फोटोत नाही."

अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असू दे तर तसाच."

नातवाने पांढरा रंग फिरवला. आधी बाही आली, मग टोपी, मग ते मिस्कील हसू. तो फोटो आज बैठकीत आहे. अण्णांनी भावाला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. वाटणीचा विषय निघाला की त्यांचा आवाज अजून चढतो. परंतु पाहुण्याने विचारले, "हे कोण?" तर ते सरळ सांगतात, "माझा धाकटा भाऊ."