पहिली गाडी, विमा आणि दुसऱ्याचा हक्क

घरात पहिली मोटारगाडी येते तो दिवस कुटुंबाला दीर्घकाळ आठवतो. मोमिनपुरा असो, ताजबाग असो की जाफरनगर, आपल्या नागपुरातील अनेक घरांत ही पहिली गाडी नवी कोरी नसते. शोरूममधील गाडी कर्जाशिवाय परवडत नाही आणि कर्जाला व्याज चिकटलेले असते. म्हणून एखादा श्रद्धावंत गृहस्थ तीन-चार वर्षे थोडी थोडी बचत करतो, वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेताना होणारे हाल सोसतो आणि अखेर रोख रक्कम मोजून कोणाची तरी वापरलेली गाडी घेतो. व्याजापासून आपण वाचलो, याचे समाधान त्याच्या मनात असते. नेमक्या त्याच वेळी कागदपत्रे हाती ठेवत दलाल विचारतो, ‘विम्याचे काय करायचे?’

वाचकहो, या प्रश्नाला आपल्याकडे साधारणतः दोन उत्तरे मिळतात. एक उत्तर असे की, सगळेच काढतात, आपणही काढावा, त्यात विचार करण्यासारखे काय आहे? दुसरे असे की, विमा हराम आहे, पण कायदा आहे ना, मग पोलिसांना दाखवण्यापुरता सर्वांत स्वस्त कागद काढून ठेवावा. पहिल्या उत्तरात धर्माची चिंता नाही. दुसऱ्या उत्तरात ती आहे असे वाटते, पण तेथे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड झालेली आहे. ती कोणती, याचा या लेखात विचार करू.

प्रथम आक्षेप समजून घ्यावा. व्यापारी विम्यावर इस्लामी धर्मशास्त्रज्ञांचे मुख्यतः तीन आक्षेप आहेत. पहिला ‘गरर’ म्हणजे व्यवहारातील अनिश्चिततेचा. हप्ता निश्चित असतो, पण मोबदला कधी, किती आणि मिळेल की नाही हेच ठाऊक नसते. दुसरा जुगाराशी असलेल्या साम्याचा. थोडे देऊन पुष्कळ मिळवणे किंवा सर्वच गमावणे हे योगायोगावर सोडलेले असते. तिसरा व्याजाचा, कारण जमा झालेला पैसा व्याजी गुंतवणुकीत जातो. हा विषय आजचा नाही. दमास्कसचे हनफी विद्वान इब्ने आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी जहाजावरील मालाच्या विम्याची चर्चा करून तो अमान्य केला होता. विसाव्या शतकात सीरियाचे मुस्तफा अज-जरका यांनी विम्याच्या मूळ कल्पनेला अनुकूल मत मांडले. डिसेंबर १९८५ मध्ये जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मात्र ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा निषिद्ध ठरवला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याचा पर्याय पुढे ठेवला. आपल्या देशात काजी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांच्या पुढाकाराने १९८९ साली स्थापन झालेल्या इस्लामिक फिकह अकादमीने दंगलींमुळे असुरक्षित झालेल्या मुस्लिमांची अवस्था लक्षात घेऊन जीव व मालमत्तेच्या विम्यास सवलत दिली. म्हणजे मूळ आक्षेप कायम आहे आणि गरजेपुरती सवलतही आहे.

आता गाडीच्या विम्याकडे वळू. येथे एका कागदात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली त्रयस्थाच्या नुकसानीची, जिला आपण थर्ड पार्टी म्हणतो. दुसरी आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची. या दोहोंना एकाच तराजूत तोलल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ होतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आपण मात्र क्षणभर पोलीस आणि दंड बाजूला ठेवून एक कल्पना करा. कामठी रोडवर संध्याकाळच्या गर्दीत आपल्या हातून चूक होते आणि सायकलवरून घरी निघालेला एक मजूर गाडीखाली येतो. त्याच्या घरी पत्नी आहे, लहान मुले आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईचा आदेश देईल आणि ती रक्कम काही लाखांत असेल. विमा असेल तर मृत्यू वा इजेबद्दल न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनीला भरावी लागते. विमा नसेल तर ती आपल्याकडून यायची. ज्याने गाडीसाठीच चार वर्षे बचत केली, तो ती कोठून देणार? त्या विधवेच्या हाती न्यायालयाचा कागद राहील आणि घरात चूल पेटणार नाही.

दिव्य कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये (४:९२) चुकून झालेल्या हत्येचाही हिशेब आहे. मृताच्या वारसांना रक्तमूल्य, म्हणजे दियत, द्यायची आहे. त्यांनी स्वेच्छेने माफ केली तर गोष्ट वेगळी. हेतू नव्हता म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. आणि एकट्या माणसाला हे ओझे पेलणार नाही, हे शरीअतने जाणले होते. म्हणून चुकून झालेल्या हत्येची दियत अपराध्याच्या नातेवाइकांनी व कुळाने मिळून भरायची, अशी ‘आकिला’ची व्यवस्था आहे. मदीनेच्या करारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक कबिल्यावर ही जबाबदारी ठेवली होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात सैनिकांच्या नोंदवहीतील लोक एकमेकांचा आकिला मानले गेले. म्हणजे बदलत्या समाजात व्यवस्थेचे रूप बदलले, वारसांचा हक्क मात्र तसाच राहिला.

आज आपले कुळ आपल्यासाठी अशी रक्कम उभी करील काय? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. व्यापारी विमा म्हणजे आकिला नव्हे. त्याच्या रचनेतील दोष आपण वर पाहिलेच. पण थर्ड पार्टीच्या हप्त्यातून आपण स्वतःसाठी काही मिळवू पाहत नाही. आपल्या हातून ज्याचे नुकसान होईल, त्याच्या हक्काची तरतूद करतो. कायद्याची सक्ती असल्याने उलेमांनी त्यास परवानगी दिलेली आहे. माझे म्हणणे एवढेच की, हे नाइलाजाने भरायचे दंडासारखे पैसे आहेत, असे समजू नये. नजरेआड झालेली गोष्ट हीच आहे. हा हप्ता ‘हुकूकुल इबाद’शी, म्हणजे अल्लाहच्या दासांच्या हक्कांशी निगडित आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याला येथे विशेष सावध राहावे लागते. गाडीसोबत जुन्या मालकाच्या नावाचा विमा येतो आणि ‘वर्षभर चालतो, चिंता नको’ असे सांगितले जाते. कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो. त्रयस्थाचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. तो जुना मालक आणि कंपनी यांच्यातील करार असतो. तसेच आरसी बुकावरील नाव बदलणेही टाळू नये. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. विचार करा, आपल्या आळसामुळे अपघाताचे ओझे गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाच्या डोक्यावर पडावे, हा जुलूम नव्हे काय? कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आरटीओची खेप ही त्या आज्ञेच्या भावनेपासून फार दूर नाही.

आता दुसरा भाग, आपल्या गाडीच्या नुकसानीचा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि दारासमोर उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा होता, त्यांच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यातून काहीही मिळणार नव्हते. पूर्ण विमा असलेल्यांपैकीही ज्यांनी पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहिली, त्यांना इंजिनच्या नुकसानीची भरपाई मिळणे कठीण होते, कारण त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

मग हा भाग घ्यावा काय? येथे कायद्याची सक्ती नाही, म्हणून मतभेदाला जागा आहे. अनेक उलेमा यापासून दूर राहण्यास सांगतात. काहीजण गरज पाहून सवलत देतात आणि भरलेल्या हप्त्यांहून अधिक रक्कम मिळाल्यास ती पुण्याची अपेक्षा न ठेवता गरिबांना द्यावी, असे म्हणतात. ज्याची रोजी त्याच गाडीवर चालते आणि ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा दारातून निघते, त्यांची गरज सारखी नाही. आपण आपली खरी परिस्थिती विश्वासू आलिमांसमोर मांडून निर्णय घ्यावा. मात्र जो हा विमा नाकारतो, त्याने हप्त्याइतकी रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. तसे न करता संकट आल्यावर व्याजी कर्जाचा दरवाजा ठोठावावा लागला, तर आपली परहेजगारी कोठे राहिली?

हा मतभेदाचा प्रांत झाला. पण एका गोष्टीत कोणाचाही मतभेद नाही आणि आपण घसरतो ते नेमके तेथेच. ती गोष्ट म्हणजे सत्य. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. विकणाऱ्याची सूट आपली म्हणून फॉर्मवर लिहिणे हे खोटे आहे. जुना पोचा आजच्या अपघातात दाखवणे, गाडी दुसराच चालवत असताना परवानाधारक भावाचे नाव लिहिणे, हीदेखील तीच गोष्ट. ‘कंपनी तरी कोठे प्रामाणिक आहे?’ हे उत्तर अल्लाहच्या दरबारात चालणार नाही. मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरी हिजरतच्या रात्री त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले होते.

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आपण अनेकदा ऐकला असेल. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी (स.) पाऊस पडल्याबद्दल त्याला दोष दिला नाही. ओला माल वर का ठेवला नाही, असे विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. वाचकहो, पुरात बुडून निघालेली, आसने बदलून चकाकवलेली गाडी ग्राहकाला न सांगता विकणे, हे त्या ओल्या धान्याहून वेगळे आहे काय? कारण तेव्हाही पाऊसच होता. आज आपण घेणारे आहोत, उद्या हीच गाडी विकणारेही आपणच असणार आहोत.

शेवटी सामुदायिक जबाबदारीचा विचार करू. १९७९ मध्ये सुदानमध्ये इस्लामी विम्याची सुरुवात झाली आणि १९८४ मध्ये मलेशियाने तकाफुलचा कायदा केला. भारतात मोटारीसाठी तशी सोय नाही. परंतु अशअरी कबिल्याचे लोक अन्न कमी पडले की जवळ असेल ते एका कापडावर जमवून सारखे वाटून घेत आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले होते. आपल्या मोहल्ल्याच्या बैतुलमालमध्ये महिन्याला थोडी रक्कम देणगी म्हणून जमा झाली, तर ज्याची गाडी पुरात गेली त्या रिक्षाचालकाला पुन्हा उभे करता येईल. त्याने थर्ड पार्टीची कायदेशीर गरज भागणार नाही. पण सहकार्याचा जो पर्याय आपण फतव्यांत वाचतो, त्याची सुरुवात कोठून तरी व्हावी लागेल.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण जाणतो. मोटारीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे सावकाश चालवणे, कागद आपल्या नावावर करणे, त्रयस्थाच्या हक्काची तरतूद करणे आणि फॉर्मवर खरे लिहिणे. अल्लाह आपल्याला आपल्या हातून कोणाचीही इजा होण्यापासून वाचवो आणि झालीच तर तिची जबाबदारी पेलण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.