खाली काय हातरलं

पुतणीला डिसेंबरात चिखलदऱ्याच्या शिबिराला जायचं होतं, म्हणून स्लीपिंग बॅग घ्यायला आम्ही अमरावतीच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘किती डिग्रीची देऊ?’ ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मला एका आकड्यात उत्तर देता येईना. तीस वर्षं वेगवेगळ्या जमिनींवर पाठ टेकून मी शिकलो ते एवढंच, की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला वेगळाच आहे.

तो मला आमच्या अकोटकडच्या वावरात कळला. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांपायी जागलीला जावं लागे. मोठेबाबा आधी कुटाराचा वीतभर थर पसरत, त्यावर अकोटची जाड सतरंजी टाकत आणि मग वाकळ अंगावर ओढून घेत. पहिल्याच रात्री मी घाईनं सतरंजी उघड्या ढेकळांवर टाकली आणि दोन वाकळी पांघरून झोपलो. पहाटे दात वाजायला लागले. सकाळी आजी भाकर घेऊन आली. माझं गाऱ्हाणं ऐकून म्हणाली, ‘अंगावर काय घेतलं थे नंतर. पहिले खाली काय हातरलं थे पाय.’

स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते. आतल्या भरणात अडकलेली हवा आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. आपण झोपलो की पाठीखालचं भरण दबतं, हवा निघून जाते आणि ऊब सरळ मातीत उतरते. कुटार तसं सपाट होत नाही, म्हणून मोठेबाबा निवांत घोरत असत. आज कुटाराची जागा फोमच्या चटईनं घेतली आहे. पैसे मोजकेच असतील तर बॅग थोडी हलकी घ्यावी, पण चटईत काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता डिग्रीचं. प्रमाणित चाचणी झालेल्या बॅगेवर एक नाही, तीन आकडे असतात. पहिला आरामाचा: त्या तापमानात सर्वसाधारण बाई मोकळ्या अंगानं झोपू शकते. दुसरा मर्यादेचा: त्यात सर्वसाधारण पुरुष अंग चोरून रात्र काढतो. तिसरा जीव वाचण्यापुरता, आणि दुकानात बरेचदा हाच मोठ्या अक्षरांत दिसतो. मी पुतणीला पहिला आकडा शोधायला लावला. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंडावते. म्हणजे परतवाड्याचा घाट चढून गेलं की घरच्यापेक्षा पाचेक अंश कमीच धरावेत. पण उंचीवरच सगळं ठरत नाही. थंड हवा जड असते, ती रात्री दरीत उतरून साचते. सिपना नदीकाठच्या सेमाडोहची जानेवारीतली पहाट मला चिखलदऱ्याच्या पठारापेक्षा जास्त बोचली आहे. मेळघाटच्या हिवाळ्यासाठी आरामाचा आकडा पाच अंशांच्या आसपास असला म्हणजे पुरे. उणे दहाची बॅग इथे उलटते: मध्यरात्री घाम फुटतो, चेन उघडावी लागते, आणि पहाटे तोच ओलावा अंगाला चिकटतो.

उन्हाळ्याची गोष्टच निराळी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसायला मिळणं हे आमच्याकडच्या रानवेड्यांसाठी वर्षाच्या सणासारखं असतं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथली ती चांदण्याची रात्र मी दैवाची देणगी मानतो. पहिल्या वेळी मी सोबत चकचकीत नायलॉनची बॅग नेली होती. दिवसभर अंग भाजून निघालं होतं, पण तीनच्या सुमारास झुळूक सुटली आणि मी पाय आत सारले. कापडाची सळसळ झाली. पाण्याला तोंड लावलेल्या सांबरानं मान वर केली, आमच्या दिशेनं कान टवकारले आणि ते अर्धवट तहानेनंच निघून गेलं. भर उन्हाळ्यात एक पाणवठा म्हणजे त्या जनावराचा जीव असतो. ते सांबर आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून मचाणावर मी फक्त धुऊन मऊ झालेली सुती चादर नेतो.

पण तेच सूत पावसाळ्यात दगा देतं. हे लिहिताना कापसाच्या मुलखातल्या माणसाला वाईट वाटतं. श्रावणात शहानूरच्या बाजूला एका गळक्या पडवीत माझी रुईची रजई भिजली, तिचे गोळे झाले आणि सकाळी ती ओल्या पोत्यासारखी जड लागली. पक्ष्यांच्या पिसांचं भरणही ओलं झालं की असंच दबतं. सिंथेटिक भरण वजनानं थोडं जास्त असतं, पण भिजल्यावरही बरीच ऊब राखतं. पिसांची बॅग हिमालयातल्या कोरड्या थंडीसाठी, पाठीवरचं ओझं कमी करायचं असेल तेव्हा.

शेवटी पुतणीनं सिंथेटिक भरणाची, चेन पूर्ण उघडली की रजईसारखी पसरणारी बॅग घेतली, आणि एक चटई. घरून निघताना आईनं तिच्या पिशवीत अकोटची जुनी सतरंजीही कोंबली.

चार दिवसांनी ती परतली. मी गच्चीवर गेलो तर बॅग उलटी करून तारेवर वाळत घातलेली, शेजारी आजीची वाकळ. थंडी किती होती, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘काका, बाकी मस्त झोप लागली. पण दुसऱ्या रात्री चटई सरकली, आणि त्या अंगानं मी पहाटेपर्यंत गारठले.’