ॲडजस्ट कोणी करायचं?

‘ॲडजस्ट करा’ हे आपण माणसांनाच सांगतो. लोकलच्या बाकावरच्या तिघांना सांगतो, नव्या सुनेला सांगतो. वस्तूला कोणी सांगत नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचं स्टिअरिंग बसवलं तिथेच राहायचं. ड्रायव्हर बुटका असेल तर तो बुडाखाली उशी घ्यायचा, पोट सुटलेलं असेल तर अंग चोरून आत शिरायचा.

गाडीने माणसासाठी जरा वाकावं, हा विचार अमेरिकेत रुजला. १९६१ च्या फोर्ड थंडरबर्डचं स्टिअरिंग गाडी ‘पार्क’मध्ये असताना बाजूला सरकून उतरायला वाट द्यायचं. १९६३ मध्ये जनरल मोटर्सने ‘टिल्ट’ आणलं. मिशिगनमधल्या सॅगिनॉ विभागाचं हे काम. कॉलमवरची छोटी दांडी ओढायची आणि सात जागांपैकी सोयीची जागा निवडायची.

पण वाकायचं म्हणजे सांधा आला. पुढे वर्षानुवर्षं लोक त्याच चाकाला लोंबकळून सीटवरून उठतात, आणि एक दिवस ते डुगडुगायला लागतं. आपल्याकडचा मेकॅनिक म्हणेल, प्ले आलाय. या कॉलमचा हा प्ले प्रसिद्ध आहे. सांध्याच्या पोटात चार बोल्ट असतात, ते ढिले होतात.

आवळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तिथवर पोचायला दिवस जातो. आधी बॅटरीची वायर काढायची, मग पुलरने चाक. इथे हातोडा अजिबात नको. १९६७ पासून या कंपनीच्या गाड्यांमध्ये कॉलम आकसणारा केला गेला, धडकेत दांडा चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून. आतल्या प्लॅस्टिकच्या पिना धक्क्याने तुटण्यासाठीच असतात. वरून घाव बसला तर त्या बिचाऱ्या अपघात झाला असं समजतात. पुढे लॉक प्लेट दाबून तिची रिंग सोडवायची, इंडिकेटरचा स्विच काढायचा. टिल्टची स्प्रिंग काढण्याआधी कॉलम पूर्ण वर उचललेला हवा, नाहीतर ती तोंडावर उडेल. मग सांध्याच्या दोन पिना ओढल्या की ते चार बोल्ट दिसतात.

या दुरुस्तीतली मला भावलेली गोष्ट इथे आहे. ज्या पिनांवर चाक आयुष्यभर वर-खाली झालं, त्या बहुधा शाबूत निघतात. ढिले झालेले असतात ते बोल्ट, ज्यांना न हलण्यापलीकडे कामच नव्हतं. वाकणाऱ्या भागाची काळजी सगळे घेतात. त्याला ज्याचा आधार असतो, त्याची आठवण खडखड सुरू झाल्यावर होते. (सुनेचा उल्लेख उगीच केला नव्हता.)

बोल्ट नुसते आवळून भागत नाही. ते काढून, आटे पुसून, थ्रेडलॉकर लावून पुन्हा बसवावे लागतात. आळस केला तर तोच दिवस पुन्हा घालवण्याची तयारी ठेवावी.

आणि अशी जुनी अमेरिकन गाडी कधी बघायला गेलात, तर रंगावर भाळण्याआधी चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघा. उतरताना मात्र दाराला धरा.