पाचवीचे बोर्ड

दिवाळीच्या सुटीत चार दिवस कोल्हापूरकडे येता का, असे मी बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधील एका आप्ताच्या घरी सहज विचारले, तेव्हा त्या घरच्या सूनबाई तितक्याच सहजपणे म्हणाल्या, "यंदा नाही हो जमायचं काका, धाकट्याचं बोर्डाचं वर्ष आहे." धाकटा पाचवीत होता. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, भीती नव्हती, अभिमानही नव्हता. आणि जिच्याविषयी तक्रारसुद्धा कोणास करावीशी वाटत नाही ती गोष्ट समाजात किती खोल मुरली असली पाहिजे, या विचाराने माझे मन तेव्हापासून अस्वस्थ आहे.

ते साल 2023. पाचवी, आठवी, नववी व अकरावी या इयत्तांची वार्षिक परीक्षा राज्याच्या परीक्षा मंडळामार्फत घ्यावी, अशा अधिसूचना कर्नाटक सरकारने त्या ऑक्टोबरात काढल्या होत्या. पुढची हकीकत बेंगळुरूकरांस ठाऊकच आहे. 2024 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने अधिसूचना रद्द केल्या. खंडपीठाने त्या निकालास लगोलग स्थगिती दिली. 11 तारखेस परीक्षा सुरू झाली आणि 12 तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने थांबली. 22 तारखेस खंडपीठाने पुन्हा परवानगी दिली, राहिलेले पेपर उरकले गेले, आणि 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेचा निकाल जाहीर करण्यासच मनाई केली. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही बालकास बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येणार नाही, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे तिसावे कलम सांगते. वादात हाही मुद्दा होता.

परीक्षेमुळे घोकंपट्टी वाढते, शिकवण्यांचा बाजार भरतो, कोवळ्या जिवांची झोप उडते, हे सारे आपण इतक्या वेळा वाचले आहे की ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांचीच असावी, असे राधाकृष्णन आयोगाने 1949 सालीच म्हणून ठेविले आहे. मला मात्र या प्रश्नाचा विचार करताना निराळाच भेद महत्त्वाचा वाटत आला आहे, आणि तो म्हणजे निदान आणि निवाडा यांतला. निदान करणारी परीक्षा असे विचारते की या मुलास काय येत नाही, आणि तिचे उत्तर विचारणाऱ्यावर बंधनकारक होते. शिक्षकाने, शाळेने, सरकारने पुढे काही करणे त्या उत्तरातून प्राप्त होते. निवाडा करणारी परीक्षा असे विचारते की या मुलाची जागा कोणती, आणि तिच्या उत्तराचे सारे ओझे मुलाच्या शिरावर पडते. प्रश्नपत्रिका एकच असू शकेल. उत्तराचे देणेकरी मात्र दोन्ही ठिकाणी वेगळे आहेत.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह मला आवरत नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली जी बुद्धिमापन चाचणी सिद्ध केली ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना विशेष शिक्षणाची गरज आहे काय, हे ओळखण्यासाठी. आणि तिच्यावरून मुलाच्या बुद्धीचा कायमचा अंक ठरविण्यास त्यांचा विरोध होता. अटलांटिक ओलांडताच ती निवाड्याचे साधन झाली, आणि अमेरिकेने त्या अंकावरून माणसांची प्रतवारी सुरू केली. आपल्याकडे मात्र डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1934 च्या सुमारास मराठी व कानडी मुलांसाठी तिची जी आवृत्ती तयार केली तिने मूळ हेतू बराचसा सांभाळला. परक्या देशातील प्रश्न नुसते भाषांतरित न करता येथील मुलांच्या अनुभवाशी ते जुळवून घ्यावे लागतात, हे ओळखून एकाच मुंबई इलाख्यात शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांतील मुलांपुढे बसून त्यांनी हे काम केले, याचा सीमाप्रश्नाच्या कडवटपणात आपल्याला विसर पडला आहे. बिने-कामत चाचणी बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत आमच्या काळापर्यंत वापरात राहिली. तिची रीत अशी की परीक्षक एक, मूल एक, आणि दोघे समोरासमोर.

माझ्या या भेदावर सर्वांत जोरकस आघात केला तो एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. बेळगाव-निपाणी भागातील मराठी शाळांत हयात घालवून ते आता मुलाकडे जयनगरात राहतात. त्यांचे म्हणणे असे की शिक्षक स्वतः गुण देतो तेव्हा मुलाचे आडनाव, गल्ली आणि बापाचा धंदा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, तर बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर केवळ एक क्रमांक असतो. मजुराच्या मुलीस आमच्या मुलुखात जो काही न्याय मिळाला तो त्या क्रमांकाच्या आडोशाने मिळाला, आणि तुम्ही खाऊनपिऊन सुखी लोक मुलांच्या कोवळेपणाच्या नावाखाली तो आडोसा काढून घेऊ पाहता. मी म्हणालो, क्रमांक आडनाव झाकतो, पण घरातला अंधार, न परवडणारी शिकवणी आणि उपाशी पोट झाकत नाही. ते म्हणाले, ते तर शिक्षकाच्या गुणांतही झाकले जात नाही. वर आडनावाचा भार पडतो तो निराळा. यावर मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्यास उत्तर नाहीच. दहावीला, जेथे पुढील वाट ठरते, तेथे बोर्ड हवे.

परंतु त्यांनी त्यापुढे जाऊन, निकालाचा धाक असल्याशिवाय शाळा शिकवीत नाहीत, असे म्हटले, तेव्हा मात्र मी मागे सरलो नाही, कारण तो प्रयोग होऊन गेला आहे. इंग्लंडात 1862 च्या शिक्षणसंहितेने शाळांचे अनुदान वार्षिक तपासणीतील निकालावर ठरविले. ठरलेली पुस्तके मुलांकडून पाठ करून घेण्यात शिक्षक गुंतले, आणि स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने त्या पद्धतीवर वर्षानुवर्षे टीका केली. तीच पद्धत आपल्या इलाख्यात आली, आणि 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सांगितले की, निकालावर पैसे देण्याची रीत अशिक्षित व गरीब लोकांत विद्याप्रसार करण्यास उपयोगी नाही, कारण त्यांच्यात विद्येची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही. मजुराच्या मुलीची बाजू मांडणारे मुख्याध्यापक आणि फुले यांचा पक्ष एकच असताना धाकाच्या प्रश्नावर त्यांची वाट का फुटावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

पाचवीच्या परीक्षेच्या या वादाच्या सुमारास कर्नाटकातील दहावीच्या निकालाने आणखी एक गोष्ट उघड केली. 2023 साली 83.89 टक्के मुले उत्तीर्ण झाली होती. 2024 साली परीक्षागृहांत कॅमेरे बसवून देखरेख कडक केली, तेव्हा वाढीव सवलतीचे गुण देऊनही प्रमाण 73.40 टक्क्यांवर आले. राज्यातील मुलांची समज एका वर्षात एवढी ओसरली असे कोणीही म्हणणार नाही. म्हणजे इतकी वर्षे ज्या आकड्यावर शाळांची आणि जिल्ह्यांची इभ्रत तोलली जात होती त्याचा बराच भाग पहाऱ्याच्या ढिलाईचा होता, आणि ढिलाईची गरज निवाड्याच्या धाकानेच निर्माण केली होती.

हे लिहावयास बसलो तेव्हा आठवीपर्यंत बाहेरच्या परीक्षेस शाळेची पायरी चढू देऊ नये, एवढेच सांगण्याचा माझा विचार होता. आता तसे वाटत नाही. निकाल रोखला गेला म्हणून ज्या मुलास पाचवीत भागाकार येत नव्हता त्यास तो आला नाही. न्यायालयाने त्यास एका अन्यायापासून वाचविले, पण त्याच्याकडे पाहण्याचे काम न्यायालयाचे नव्हते. मुख्याध्यापकांचा क्रमांक निवाड्यापुरता योग्य आहे, कारण निवाडा करणाऱ्याने माणूस ओळखता कामा नये; निदानास नेमकी उलट गोष्ट लागते, त्यास नाव लागते, चेहरा लागतो, घरची भाषा लागते. पाचवीत कोणास नापास करावयाचे नाही, केवळ पातळी पाहावयाची आहे, असे सरकार म्हणत होते. आणि ती पाहण्यासाठी त्याने क्रमांकाचा आडोसा आणला, तोही मार्चमध्ये, ज्या शिक्षकाने उपाय करावयाचा त्याच्या हातून मूल निघून जाण्याच्या वेळी.

म्हणून माझी मागणी अशी की पाचवीची परीक्षा घ्यावी, बाहेरच्या शिक्षकानेच घ्यावी, पण जूनमध्ये, तोंडी, मुलाच्या भाषेत, एकेकास समोर बसवून. टिपण वर्गशिक्षकाच्या हाती द्यावे आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावर त्यातले अक्षरही उतरू नये. चाळीस मुलांच्या वर्गास प्रत्येकी अर्धा तास धरला तर वीस तास होतात, म्हणजे शाळेचा एक आठवडा. मुख्याध्यापकांनी हे ऐकून घेतले आणि, निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामांना जुंपलेल्या शिक्षकांतून एवढी माणसे कोठून आणणार, असे विचारले. प्रश्नपत्रिकांची छपाई, त्यांची ने-आण, परीक्षागृहांतील पहारा आणि उत्तरपत्रिकांची तपासणी यांसाठी त्या मार्चमध्ये सरकारने जी माणसे उभी केली होती, त्यांतूनच ती आणावीत, असे मी त्यांस सांगितले.