शिंगांच्या रंगातलं पाप

श्रावणी अमावस्येला हिवरखेडात काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांदशेकणी होते, खांद्यांना तूप-हळद चोळतात. पोळ्याला शिंगं रंगवून, बेगड चिकटवून, झूल पांघरून जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या रंगतात. त्या दिवशी बैल देव. मग देवाच्या पोटात विष गेलं, तर त्या सजावटीला पूजा म्हणायचं का?

विष म्हणजे शिसं. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर शिशाचाच ऑक्साईड. जुन्या ऑईलपेंटचे पिवळे-लाल रंगही बरेचदा शिशाचे. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2016 मध्ये झाला, 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला; औद्योगिक रंग मात्र त्यातून सुटले. शिंगातून शिसं रक्तात उतरत नाही, हे खरं. पण बैल गव्हाणीला शिंग घासतो, रंगाच्या खपल्या कुटारात पडतात, आणि वासराला दिसेल ते चाटायची खोड. उकिरड्यावर फेकलेला अर्धा डबा तर त्याहून वाईट.

पुढचा प्रकार अजब आहे. शिसं भिनलेल्या जनावराच्या अंगात लोह असतं, पण ते कामाला येत नाही. हिमोग्लोबिनच्या घडणीत लोह बसवणाऱ्या विकरालाच शिसं अडवतं. लोहाच्या जागी जस्त बसतं आणि लोह पेशीत नुसतं पडून राहतं. कणगी भरलेली आणि चूल थंड! शिवाय चाऱ्यात लोह कमी पडलं की आतडं शिसं जास्त शोषतं, कारण दोघांची आत जायची वाट बरीचशी एकच. म्हणजे आधीच हडकलेलं जनावर जास्त भोगतं.

‘आमचा भाव शुद्ध होता’ हे उत्तर तयार असतं. पण देवापुढं बकरं कापणाऱ्याचाही भाव देवाचाच असे. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या गाडगेबाबांनी ती सबब कधी ऐकून घेतली नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. ही कसोटी इथं चपखल बसते. काल ठाऊक नव्हतं, त्याला पाप म्हणणं अन्यायाचं. ठाऊक झाल्यावरही तोच डबा उघडला, तर ती हिंसाच.

शिंगांना गेरू चालतो. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साईडचा असतो. येत्या पोळ्याला तोच घ्या, आणि रंगाचा जुना डबा गोठ्यात ठेवू नका.