खुर्चीत बसल्यावर खरं सांगा

दाढ दुखायला लागली की आपण दंतवैद्यांकडे धावतो. ते दाढ तर बघतातच, पण गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्याही तपासतात. तंबाखूची गोळी रोज जिथे धरली जाते, तिथला पांढरा चट्टा घरच्यांना दिसत नाही, दंतवैद्यांना दिसतो. सुपारी-गुटख्यानं तोंड पुरतं उघडेनासं झालं, तर तेही त्यांच्या लक्षात येतं. ही दोन्ही लक्षणं कर्करोगाआधीची पायरी असू शकतात.

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते. मशेरी लावणाऱ्या आयाबायाही त्यात आल्या. मशेरी म्हणजे दात घासणंच, असं अनेकजणी समजतात. म्हणून डॉक्टरांनी तिच्याबद्दल मुद्दाम विचारायला हवं. आरशात चट्टा दाखवावा, तंबाखू सोडण्याची तारीख ठरवून घ्यावी, तलफेवर उपाय सांगावा आणि पुढच्या भेटीत आठवणीनं चौकशी करावी.

आपलं काम सोपं आहे. दंतवैद्यांपासून सवय लपवू नका, सोडण्यासाठी मदत मागा. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावरही सल्ला मिळतो. आजच ठरवा.