करवीरची भिक्षा आणि कोपनहेगनचं तिकीट

दत्तात्रेयांचा दिनक्रम महाराष्ट्रातल्या दत्तभक्तांना तोंडपाठ असतो. सकाळी काशीत स्नान, दुपारी करवीरात भिक्षा, रात्री माहुरात निद्रा. महानुभाव परंपरेत तर जेवणाचं ठिकाणही ठरलेलं आहे, गोदाकाठचं पांचाळेश्वर. म्हणजे झोळी भरायची कोल्हापुरात आणि जेवायला बसायचं बीड जिल्ह्यात. ज्या गावाला आपल्या रश्श्याचा एवढा अभिमान, तिथून देव रोज पार्सल घेऊन जातो, हे कोल्हापूरकरांनी फारसं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. उलट भिक्षालिंग म्हणून त्यांनी दत्ताचं एक स्थानच शहरात जपलंय.

एकट्याच्या धावत्या प्रवासाची याहून जुनी आणि याहून घाईची कथा आपल्याकडे क्वचितच सापडेल. तिच्यातली वाटणी बघण्यासारखी आहे. काशीला नदी आहे, माहूरला डोंगर आहे. करवीरला रंकाळा आहे, पंचगंगा आहे, अंबाबाईचं देऊळ आहे, पण देव तिथं त्यासाठी येत नाही. तो येतो लोकांच्या दारात उभा राहायला. आंघोळ निसर्गाच्या भरवशावर होते, झोपही होते. भाकरीसाठी मात्र दुसऱ्या माणसाचं दार लागतं, आणि परंपरेनं ते दार कोल्हापूरच्या वाट्याला दिलं.

आता आजचा एकटा प्रवासी घ्या. सुट्टी चार दिवसांची, पाठीवर एक सॅक, जायचं कोपनहेगनला. तिथं त्यानं काय बघायचं हे सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. नुहाव्नच्या कालव्याकाठची रंगीत घरं, 1843 साली सुरू झालेली तिवोली बाग, 1913 पासून बंदरातल्या खडकावर बसलेली जलपरी. ही जलपरी जेमतेम सव्वा मीटर उंच आहे आणि ती बघून ‘एवढीच?’ असं मनात आलं नाही असा माणूस विरळा. विमानतळावरून शहरात नेणाऱ्या मेट्रोला चालकच नाही; 2002 मध्ये शहरातली पहिली मेट्रो सुरू झाली तेव्हापासून ती यंत्रंच चालवतात. तिकीट यंत्रातून, कॉफीचे पैसे कार्डावर, खोलीच्या दाराचा आकडा फोनवर. मनात आणलं तर माणूस चार दिवसांत एका जिवंत माणसाशी न बोलता हे शहर बघून परत येऊ शकतो. पुष्कळांना नेमकं तेच हवं असतं, आणि त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. घरात, ऑफिसात, व्हॉट्सॲपवर दिवसभर माणसंच माणसं झाल्यावर अशी चार दिवसांची शांतता औषधासारखी लागते.

प्रश्न निराळाच आहे. परक्या गावात एकट्यानं गेलेल्या माणसाचं त्या गावाशी नातं कोणतं? बघणाऱ्याचं, गिऱ्हाइकाचं, की मागणाऱ्याचं?

आपल्या धर्मपरंपरांनी यावर बारकाईनं विचार केलाय. संन्याशानं पावसाळ्याचे महिने सोडून फिरत राहावं, खेड्यात एक रात्र आणि नगरात पाच रात्री, याहून जास्त मुक्काम करू नये, असा दंडक नारदपरिव्राजक उपनिषदात आहे. महावीरांच्या विहाराबद्दल जैनांचं कल्पसूत्रही हाच हिशेब सांगतं. पाच रात्री म्हणजे आजच्या टूर कंपनीच्या पत्रकात शोभेल असाच मुक्काम. दक्षस्मृती आणखी पुढं जाते. तिच्या मते एकटा असेल तोच खरा भिक्षू. दोघे झाले की ते जोडपं, तिघे झाले की गाव, त्याहून जास्त झाले की नगर. कारणही तिनं दिलंय. दोघे भेटले की राजकारणाच्या गप्पा निघतात, कुठं काय चांगलं जेवायला मिळालं याची चर्चा होते, लोभ जडतो, हेवेदावे सुरू होतात. सहलीच्या बसमध्ये पाठच्या बाकावर बसलेल्या कुणालाही हे शास्त्रवचन पटेल.

मराठी गद्याची सुरुवातही एकट्याच्या प्रवासानंच होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’चा पहिला भाग ‘एकांक’ म्हणून ओळखला जातो. शिष्यांचा गोतावळा जमण्याआधी महानुभावांचे चक्रधर एकटे हिंडत होते, त्या काळातल्या त्या लीळा.

मात्र या सगळ्या एकट्यांना एक गोष्ट सक्तीची होती. त्यांनी शिदोरी बाळगायची नाही. एकटं राहा, मुक्काम थोडा ठेवा आणि पोटासाठी दुसऱ्याच्या दारात जा, ही तीन कलमं एकत्र होती. पहिल्या दोन कलमांनी माणूस गावापासून सुटा राहतो, तिसरं त्याला रोज दुपारी गावाच्या उंबऱ्यावर आणून उभं करतं. हे तिसरं कलम नसतं तर संन्यासी आणि हवापालटाला निघालेला सावकार यांच्यात फरक उरला नसता. आजच्या एकट्या प्रवाशानं पहिली दोन कलमं आवडीनं घेतली आणि तिसऱ्याच्या जागी क्रेडिट कार्ड ठेवलं.

कोपनहेगनचाच एक तत्त्वज्ञ इथं आठवतो. सोरेन किर्केगार्द जन्मला तिथंच, 1813 मध्ये, आणि 1855 मध्ये वारलाही तिथंच. देशाबाहेर तो मोजक्याच वेळा गेला. बर्लिनला चारदा आणि शेजारच्या स्वीडनला एकदा. तिवोली उघडली त्याच 1843 साली त्याचं ‘पुनरावृत्ती’ हे छोटं पुस्तक टोपणनावानं निघालं. त्यातला निवेदक एकटाच दुसऱ्यांदा बर्लिनला जातो. तीच खोली, तेच नाटकगृह, तोच आनंद पुन्हा मिळतो का हे तपासायला. मिळत नाही. हिरमुसून घरी परततो. आवडलेल्या ठिकाणांची यादी खिशात घालून दुसऱ्यांदा निघणाऱ्या प्रत्येकानं ही पानं वाचावीत. किर्केगार्दच्या विचारात माणूस शेवटी एकटाच देवासमोर उभा असतो. गर्दी, देश, चर्च यांपैकी कुणी त्याच्या बाजूनं उत्तर देऊ शकत नाही. दत्ताची कथा मात्र उलट्या टोकानं सुरू होते. तिथं देवच एकटा आहे आणि तो माणसांसमोर उभा आहे. दोन्हीकडे एकटेपण आहे, पण एकात माणूस हिशेब द्यायला उभा आहे आणि दुसऱ्यात देव पीठ मागायला.

कोल्हापुरात एकटा आलेला माणूस मागितल्याशिवाय फार काळ राहू शकत नाही, ही या शहराची खोड म्हणा की गुण. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. गवळी समोरच धार काढतो, ग्लास फेसानं वर येतो आणि तो तसाच कोमट हातात पडतो. तिथं पाटी वाचून काम भागत नाही. ‘मला एक द्या’ म्हणावं लागतं, आणि देणारा हमखास विचारतो, ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ मिसळीच्या दुकानात तर मागणं हा जेवणाचाच भाग आहे. पाव संपायच्या आत वाटीतला कट संपतो. गिऱ्हाइकानं हात वर केला की पोऱ्या किटली घेऊन येतो, न विचारता वर फरसाण भुरभुरतो आणि पुढच्या टेबलाकडं वळतो. त्या दुसऱ्या वाटीचे पैसे सहसा लागत नाहीत. लाजून गप्प बसणाऱ्याला ती वाटी मिळत नाही एवढंच.

कुणी म्हणेल, मिसळीच्या कटाला भिक्षेची उपमा देणं म्हणजे अती झालं. असेलही. पण भिक्षेचं मर्म झोळीत किती पडलं यात कधीच नव्हतं. ‘गुरुचरित्रा’त याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. नृसिंहसरस्वती कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आजच्या नृसिंहवाडीला राहिले. पाच रात्रींचा दंडक बाजूला ठेवून तब्बल बारा वर्षं. पलीकडच्या अमरापुरात, म्हणजे आजच्या औरवाडात, एका दरिद्री ब्राह्मणाकडे ते भिक्षेला गेले. घरात दाणा नव्हता. दारात घेवड्याचा वेल होता, त्याच्या शेंगा शिजवून घरच्या बाईनं वाढल्या. यती जेवले आणि निघताना तो वेलच मुळापासून उपटून गेले. बाई रडायला लागली. तिच्या संसाराचा तेवढाच आधार होता. नवरा उरलेलं मूळ खणायला गेला तर खाली धनानं भरलेला कुंभ. कुंभाचं सोडून द्या, चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. पण पाहुणा येऊन घरातली शेवटची वस्तू खातो आणि वर नुकसान करून जातो, त्या क्षणाला ही कथा बगल देत नाही. पर्यटनानं वैतागलेल्या युरोपातल्या शहरांना ती बाई चटकन समजेल.

याच पट्ट्यात दिगंबर जैन मुनींचा विहार नेहमी चालू असतो. त्यांच्या आहाराची रीत आणखी वेगळी. मुनी तोंडानं काही मागत नाहीत. मनात एखादा संकल्प धरून ते निघतात, कुणी अमुक वस्तू हातात घेऊन उभं असेल तरच आहार घ्यायचा, असा. श्रावक आपापल्या दारात पडगाहनासाठी उभे राहतात, नमोस्तु म्हणून थांबण्याची विनंती करतात. संकल्प जुळला तर मुनी उभ्यानंच ओंजळीत अन्न घेतात, दिवसातून एकदाच. नाही जुळला तर त्या दिवशी उपास. इथं मागणारा गप्प आहे आणि विनवणी देणाऱ्याची आहे.

इथपर्यंतचं चित्र गोड आहे, आणि म्हणूनच अर्धं आहे. दारात उभं राहायचं, पण कुणी आणि कुणाच्या? 1917 साली परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. जात कळली तर कुठं खोली मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते बागेत बसून राहिले. पदव्या होत्या, खिशात पैसे होते, संस्थानची नोकरी होती. शहराला एका रात्रीचं छप्पर देववलं नाही. पाच रात्रींचा दंडक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असा प्रवासी नव्हता.

चक्रधरांच्या डोळ्यांसमोर तो बहुधा होता. आपल्या अनुयायांनी चारही वर्णांच्या घरी भिक्षा घ्यावी, निवड करू नये, ही महानुभावांची शिस्त त्या काळात किती जड गेली असेल याची कल्पना करावी. कोल्हापुरात हीच शिस्त एका छत्रपतीनं चहाच्या कपात आणली. गंगाराम कांबळे यांच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावायचे. अस्पृश्याला दान देणारे त्यांच्या आधीही होते. अस्पृश्याच्या दारात जाऊन मागणारा राजा मात्र नवीन होता. 21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावच्या परिषदेत हेच महाराज बाबासाहेबांच्या शेजारी उभे होते.

स्कॅन्डिनेव्हियातल्या काही देशांनी हा पेच कायद्यानं सोडवला. नॉर्वेमध्ये 1957 च्या कायद्यानुसार उघड्या रानावनात, मग जमीन कुणाचीही असो, कुणीही चालू शकतं. राहत्या घरापासून 150 मीटर दूर तंबू ठोकून दोन रात्री काढता येतात, मालकाला विचारावं लागत नाही. स्वीडननं असाच हक्क 1994 मध्ये राज्यघटनेत नमूद केला. खेड्यात एक रात्र, नगरात पाच, रानात दोन. मुक्कामाला मर्यादा हवी हे दोन्हीकडच्या शहाण्यांना सुचलं. फरक इतकाच की तिथं दार ठोठावावं लागत नाही. ज्याला दारातून कधी हाकललं गेलं आहे त्याला या फरकाची किंमत सांगायला नको. भिक्षेचं कितीही गुणगान केलं तरी तिच्यात देणाऱ्याची मर्जी असते, आणि मर्जीला जात दिसते, लिंग दिसतं, आडनाव दिसतं.

म्हणून निवाडा द्यायचाच तर तो असा. छपरासाठी हक्क हवा, भाकरीसाठी मागणं चालेल. कोपनहेगनला जाणाऱ्यानं यंत्रातून तिकीट जरूर काढावं आणि दिवसातून एकदा तरी रस्ता माहीत असतानाही कुणाला तरी तो विचारावा. इकडे आपल्या गावोगावच्या लॉजांत अजूनही एकटी बाई किंवा एकटा तरुण काउंटरवर आला की भुवया उंचावतात, ‘सोबत कोण?’ असं विचारलं जातं, खोल्या असूनही ‘फुल्ल आहे’ म्हणून सांगितलं जातं. एकट्यानं खोली घेऊ नये असा कोणताही कायदा या देशात नाही. देवाला भिक्षा घालणारं गाव म्हणून मिरवणाऱ्या करवीरच्या लॉजमालकांनी तरी ओळखपत्र बघावं, नाव वहीत लिहून घ्यावं आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता किल्ली द्यावी.